नवव्या मजल्यावरून आठ मिनिटांत

सोसायटीचा सेक्रेटरी मी कसा झालो, हे कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. पार्किंगमधल्या माझ्या जागी कोणीतरी रोज स्कूटर लावतं, ही तक्रार घेऊन मी वार्षिक सभेला गेलो आणि सवयीप्रमाणे उशिरा पोचलो. मी आत शिरलो तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. आपणही समाजात राहतो म्हणून मीही वाजवल्या. त्या माझ्याच निवडीच्या टाळ्या होत्या, हे मला चहाच्या वेळी कळलं. स्कूटर अजून तिथेच लागते.

आमची इमारत नाशिकरोडला, बारा मजल्यांची. मी, बायको आणि मुलगी दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि माझे वडील नवव्यावर, एकटे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात झाली. शेवटची बरीच वर्षं शिफ्ट इन्चार्ज होते. निवृत्तीनंतर फ्लॅट घ्यायचा ठरला तेव्हा बिल्डरच्या माणसाने त्यांना खालचे मजले दाखवले, वय बघून. अण्णा म्हणाले, "चिमण्या कुठून दिसतात?" त्याला वाटलं, पक्ष्यांचा नाद आहे. मग अण्णांनी त्याला नवव्या मजल्यावर नेऊन, बाल्कनीत उभं करून एकलहऱ्याच्या चिमण्या दाखवल्या आणि तिथेच फ्लॅट घेतला.

आई गेल्यावर ते त्या बाल्कनीतच जास्त असायचे. रोज सकाळी सातला माझा फोन वाजायचा. "आज दोनच चालू आहेत," एवढं सांगून ते फोन ठेवायचे. कोणती दोन, का दोन, हे मी कधी विचारलं नाही, कारण विचारून उपयोग नव्हता. अण्णांना ऐकू येत नाही. नोकरीत असताना कान ठीक होते, निवृत्तीनंतरच्या शांततेने ते गेले, असं त्यांचं म्हणणं आहे. कानाचं मशीन कपाटात आहे. "त्यात शिट्टी वाजते," म्हणतात.

तर सेक्रेटरी होऊन मला तीन आठवडे झाले आणि अग्निशमन विभागाची नोटीस आली. इमारत जुनी असली तरी फायर अलार्म चालू स्थितीत हवा, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी हवी, आणि तसा दाखला दर सहा महिन्यांनी द्यायला हवा. मी नोटीस दोनदा वाचली आणि खाली जाऊन वॉचमनला विचारलं, "आपल्याकडे अलार्म आहे का?"

"हाय ना," तो म्हणाला, आणि त्याने केबिनच्या भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. मागे लाल रंगाची एक पेटी होती. तिच्यावर मजल्यांचे आकडे, आणि एक पिवळा दिवा लागलेला.

"हा दिवा कसला?"

"चालू असल्याचा. मी आलो तवापासून लागलेलाच हाय, साहेब. बंद पडला की सांगतो तुम्हाला."

मी समाधानाने वर आलो. दिवा लागलेला आहे म्हणजे यंत्र चालू आहे, हे माझ्या बुद्धीला पटण्यासारखं होतं. पुढच्या आठवड्यात एजन्सीचा माणूस आला. पन्नाशीचा, नांदगावकडचा, बोलायला महाग. त्याने कॅलेंडर उचललं, पेटीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हा बिघाडाचा दिवा किती वर्षांपासून लागलाय?"

मी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने कॅलेंडरकडे पाहिलं.

मग आम्ही तिघे बाराव्या मजल्यापासून खाली निघालो. प्रत्येक मजल्यावर छताला धूर ओळखणारं बशीएवढं यंत्र होतं. मागच्या दिवाळीत आम्ही पॅसेज रंगवून घेतले होते. रंगारी प्रामाणिक निघाला. त्याने कुठलीच जागा सोडली नव्हती. बाराच्या बारा यंत्रांना ऑइल पेंटचे दोन हात होते. भोंग्याच्या वायरी कापलेल्या होत्या. पावसाळ्यात वीज चमकली की भोंगा वाजायचा म्हणून कुठल्यातरी जुन्या सेक्रेटरीने त्या कापल्या होत्या आणि वर व्यवस्थित चिकटपट्टी लावली होती. आठव्या मजल्यावर आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळी सोडलेली जागा असते, तिथे कोणाच्यातरी कुरडया वाळत होत्या.

एजन्सीचा माणूस फक्त लिहीत होता. दुसऱ्या मजल्यावर त्याने पाण्याच्या पाइपची लाल पेटी उघडली. आत पाइप नव्हता. कांदे होते. जाळीच्या गोणीत, नीट निवडून ठेवलेले.

"हे कोणाचे?"

"सेक्रेटरी साहेबांचे," वॉचमन म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत.

आवाज ऐकून बायको बाहेर आली. "उन्हाळी कांदा आहे तो. तिथे अंधार आहे आणि खालून हवाही लागते. दिवाळीपर्यंत एक सडत नाही."

"वहिनी," तो माणूस म्हणाला, "पाइप कुठंय?"

पाइप आमच्या माळ्यावर होता. चांगला गुंडाळून, जुन्या चादरीत. बायको कुठलीही वस्तू टाकत नाही.

दुरुस्तीला दोन महिने लागले. यंत्रं बदलली, वायरी जोडल्या, प्रत्येक मजल्यावर नवा भोंगा बसला. ज्या दिवशी काम संपलं त्या दिवशी पिवळा दिवा विझला आणि वॉचमन धावत माझ्याकडे आला. "साहेब, बंद पडलं!"

इथपर्यंत हे सगळं सेक्रेटरीच्या कामात मोडत होतं. घरात शिरलं ते पुढे.

भोंगे तपासायचे होते तेव्हा माझी मोठी बहीण अण्णांकडे आलेली होती. ताई सरकारी दवाखान्यात नर्स होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली. नोकरीतली कितीतरी वर्षं तिने भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काढली. आगीबद्दल आम्ही बाकीचे बोलतो ते ऐकीव असतं. ताई बोलत नाही. आमच्याकडे कोणाच्याही लग्नात ती मंडपात बसण्याआधी बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे ते बघून घेते.

एजन्सीच्या माणसाने नवव्या मजल्यावरचा भोंगा वाजवला. तो अण्णांच्या दारापासून चार पावलांवर आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या शिक्षिकाबाई कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. खालच्या मजल्यावरचं कुत्रं ओरडायला लागलं. ताई हॉलमध्ये उभी होती. अण्णा तिच्यासमोर खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

भोंगा बंद झाल्यावर ताई बाहेर आली. तिचा चेहरा मी वॉर्डाच्या दारात पाहिला होता तसा झाला होता. "अण्णा खाली राहायला जातील," ती म्हणाली. "दुसऱ्या मजल्याच्या वर नाही. नाहीतर माझ्याकडे इंदिरानगरला. माझं घर तळमजल्यावर आहे."

"ताई, ते ऐकणार नाहीत."

"तेच तर म्हणते मी. ऐकू येत नाही म्हणूनच तर."

मग आत जाऊन तिने त्यांच्यासमोर बसून, ओठ स्पष्ट हलवत, सगळं सांगितलं. मेणबत्तीचंही काढलं. अण्णा रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणतात आणि मग तिथेच खुर्चीत त्यांना डुलकी लागते. अण्णांनी सगळं वाचलं, तिच्या ओठांवरून. मग म्हणाले, "बाल्कनी?"

"माझ्याकडे अंगण आहे."

"अंगणातून काय दिसतं?"

"समोरच्यांचं अंगण."

अण्णांनी पेपर पुन्हा उघडला. त्यांनी असा पेपर उघडला की आम्हा दोघांनाही आपण चौथीत आहोत असं वाटतं. शेवटी एजन्सीचा माणूसच, जाता जाता, म्हणाला, "मॉक ड्रिल घ्यावीच लागणार आहे. बघा ना, किती वेळात उतरतात ते."

ताईने ते पकडलं. "आठ मिनिटं," ती म्हणाली. बोटांनी दाखवलं. "भोंगा वाजल्यापासून आठ मिनिटांत तुम्ही स्वतः जिन्याने खाली आलात, तर राहा वर. मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही आलात, तर वरचा मजला सोडायचा."

अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला नऊ मजले उतरायला आठ मिनिटं. मी स्वतःशी हिशेब केला. मला दुसऱ्या मजल्यावरून उतरायला दोन लागतात, त्यात चपला शोधणं धरलेलं नाही.

"मंजूर," अण्णा म्हणाले.

त्यांना कळणार कसं, हा प्रश्न होता. एजन्सीच्या माणसाने त्यांच्या हॉलमध्ये, पेपर वाचायच्या खुर्चीसमोर, एक लाल दिवा बसवून दिला. भोंगा वाजला की तो लखलखतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी असतोच म्हणाला. आम्ही तो एकदा लावून पाहिला. अण्णांनी पेपर खाली घेतला आणि "ठीक आहे" म्हणाले. मला एवढा आनंद झाला की मी त्या माणसाला जेवायलाच बसवलं.

आता ड्रिल. मी नोटीस लिहिली: येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता सायरन वाजेल, सर्व सभासदांनी लिफ्टचा वापर न करता जिन्याने खाली यावे. बायकोने वाचून विचारलं, "लोक कशाला येतील?"

"आग लागली तर येणार नाहीत का?"

"आग लागली तर येतील हो. रविवारी अकराला कशाला येतील? खाली लिहा, पोहे आणि चहाची व्यवस्था केली आहे."

मी लिहिलं. इथेच चुकलं.

आमच्या इमारतीतली माणसं कार्यक्रमाला वेळेवर येणारी आहेत, हे मला अभिमानाने सांगितलं पाहिजे. रविवारी साडेदहापासून लोक खाली यायला लागले. लिफ्टने. बायकांनी चांगल्या साड्या नेसल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ओळीने मांडल्या. पुढच्या दोन ओळी ज्येष्ठांसाठी. आणि पहिल्या ओळीत मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून, अण्णा. ते सव्वादहालाच आलेले होते. ड्यूटीवर वेळेआधी हजर व्हायचं असतं.

एजन्सीचा माणूस अकराला पाच मिनिटं कमी असताना पोचला. त्याने खुर्च्या पाहिल्या. पोह्यांचं पातेलं पाहिलं. मग वर, रिकाम्या बाल्कन्यांकडे पाहिलं.

"वर कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. मला वाटलं, तो खूश होईल.

"मग खाली कोण येणार?"

मी त्यावर विचार केलेला नव्हता. तेवढ्यात अकरा वाजले आणि ठरल्याप्रमाणे वॉचमनने बटण दाबलं. बाराही मजल्यांवरचे भोंगे एकदम वाजले. आम्ही सगळे माना वर करून ऐकत होतो. "आवाज चांगला आहे हो," शेजारचे म्हणाले. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

मी हात जोडून सगळ्यांना पुन्हा वर जायची विनंती केली. लिफ्टपुढे रांग लागली. रांगेत कोणीतरी म्हणालं, "आम्ही आलोच होतो ना, तेच धरा की." पहिला गट वर पोचेपर्यंत पोहे संपत आल्याची बातमी त्यांना फोनवर कळली आणि तो परत खाली आला. लिफ्टने.

ताई पहिल्यापासून हातात फोनचं घड्याळ लावून बसली होती. अण्णांनी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. भोंग्याआधी पाऊण तास ते खाली होते. तिने मान हलवली. "हे धरायचं नाही," ती मला म्हणाली. "सांग त्यांना."

"त्यांना कळलंय."

एजन्सीच्या माणसाने पोह्यांची प्लेट संपवून वही बंद केली. "पुढच्या वेळी कोणाला सांगू नका," एवढंच म्हणाला. जाता जाता त्याने मला, अण्णांसमोरच, नियमही सांगितला: आग असताना शेजाऱ्याची बेल दाबायची आणि पुढे निघायचं, दार उघडायची वाट बघत थांबायचं नाही. मी तो नियम पुढच्या नोटिशीत घालणार होतो. पुढची नोटीस निघणारच नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

दुसरी ड्रिल आम्ही गुरुवारी सकाळी दहाला ठरवली. मला, ताईला आणि एजन्सीच्या माणसालाच ती ठाऊक होती. वॉचमनलाही नाही. बायकोलाही नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तिच्यापासून लपवलेली ही माझी पहिली गोष्ट. त्या दोन दिवसांत तिने मला तीनदा विचारलं, "पोट बरं आहे ना?"

बुधवारी संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो. खरं सांगायचं तर फितुरी करायला गेलो होतो. ताईचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. पण रोज सकाळी सातला इंदिरानगरच्या अंगणातून ते मला काय सांगणार होते? समोरच्यांनी सडा घातला म्हणून?

अडचण अशी की बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं तर ओरडावं लागतं. पहिल्या प्रयत्नात समोरच्या शिक्षिकाबाईंचं दार किलकिलं झालं. म्हणून मी त्यांच्या पेपरच्या कडेला पेनने लिहायला लागलो. 'उद्या' एवढं लिहून झालं होतं. अण्णांनी त्यावर पंजा ठेवला.

"ड्रिलचं आहे का?"

मी मान हलवली. हो का नाही, ते मलाही कळलं नाही.

"मग लिहू नको. मी वाचलेलं नाही."

"अण्णा, ताई खरंच..."

"सांगून केली तर ती परीक्षा नसते," ते म्हणाले. पेपरची ती कड त्यांनी फाडली, चुरगळली आणि माझ्या खिशात घातली. मग मला चहा करायला लावला.

गुरुवारी सकाळी मी 'बँकेत जाऊन येतो' म्हणून खाली उतरलो. ताई गेटजवळच्या बाकावर येऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. दहाला एजन्सीच्या माणसाने केबिनमध्ये जाऊन पेटीचं बटण दाबलं.

भोंगे वाजले. अर्धा मिनिट काहीच झालं नाही. मग बाल्कन्यांत डोकी दिसायला लागली. "काय झालं?" "ड्रिल आहे का?" "रविवारी झाली ना?" वॉचमन हातवारे करत ओरडत होता, "खाली या, खरी हाय का खोटी मला पण माहीत नाय!" त्याचा परिणाम झाला. लोक उतरायला लागले. कोणी गॅस बंद करून, कोणी कुलूप लावून, कोणी कुलूप लावून ते ओढून बघून. पाच मिनिटांत साठेक माणसं खाली आली. शिक्षिकाबाई शाळेत गेलेल्या होत्या.

अण्णा नव्हते.

सहा मिनिटं झाली. ताई जिन्याच्या दाराकडे बघत होती. सात. प्रत्येक वेळी कोणी बाहेर आलं की ती थोडी उठायची आणि बसायची. आठ मिनिटांना तिने फोन माझ्यासमोर धरला. मी मान खाली घातली. आपण हरलो, असं मला वाटलं. तिचं तसं नव्हतं. तिने फोन बाकावर टाकला आणि ती उठली. "दिवा लागला नसेल तर?" ती म्हणाली. "पायऱ्यांवर पडले असले तर?" आणि ती पळत सुटली. साठीची बाई. मीही तिच्यामागे धावलो. पहिल्या मजल्यावर माझा श्वास संपला. पहिल्याच मजल्यावर. मी कठडा धरून उरलेला मजला चढलो.

दुसऱ्या मजल्यावर गर्दी होती. जिन्यात सहा माणसं उभी होती. सहाव्या मजल्यावरचा घरून काम करणारा तरुण, कानात हेडफोन, वर फॉर्मल शर्ट, खाली बर्मुडा, अजून मीटिंगमध्येच. पाचव्या मजल्यावरच्या आजी, हातात अर्धी निवडलेली मेथी. चौथ्यावरचं एक जोडपं, ज्यांचं भांडण चालू असावं, कारण ते एकमेकांकडे बघत नव्हते. आणखी दोघं. आणि सगळ्यांच्या पुढे, माझ्याच दाराशी, बेलच्या बटणावर अंगठा दाबून, अण्णा.

दारात माझी बायको होती. डोक्याला मेंदी, वर प्लास्टिकची टोपी, खांद्यावर जुना टॉवेल.

"अण्णा, मी अशी कशी येऊ? सगळी सोसायटी आहे खाली! ड्रिलच आहे ती! तुमच्याच मुलाने काढलेली असणार, दोन दिवस तोंड बघतेय मी त्याचं!"

अण्णा शांतपणे तिच्याकडे बघत होते. बेल वाजतच होती. "नंतर," ते म्हणाले. "आधी खाली."

त्यांनी वरून येताना प्रत्येक दार असंच वाजवलं होतं. भोंगा ऐकूनही जे घरात बसून राहिले होते, ते सगळे त्यांच्या मागे आले होते, कारण अण्णांशी वाद घालता येत नाही. तुम्ही कितीही कारणं सांगा, ते बेलवरचा अंगठा काढत नाहीत. पुढे ज्यांचं घर रिकामंच होतं, तिथेही ते थांबले होते. आतून "कोणी नाही" असं कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ह्यांना ऐकू कसं येणार? म्हणून प्रत्येक बंद दारापुढे मनात वीस मोजून पुढे निघायचे.

ताईने त्यांचा दंड धरला. आधी हात चाचपले, मग चेहरा बघितला, नर्ससारखा. मग ती तिथेच पायरीवर बसली.

आम्ही सगळे खाली आलो. माझी बायको मेंदीसकट, माझ्याकडे न बघता. मीटिंगमधला तरुण कोणालातरी हिंदीत समजावत होता की एक बुजुर्ग मला उचलून आणतायत. आजींनी ओट्यावर बसून उरलेली मेथी निवडायला घेतली.

एजन्सीच्या माणसाने वही उघडली. "काका, दिवा लागला होता ना?"

ताईने ते ओठांनी परत सांगितलं.

"माहीत नाही," अण्णा म्हणाले. "मी बाल्कनीत होतो."

दिवा हॉलमध्ये, रिकाम्या खुर्चीसमोर लखलखत राहिला होता.

"मग कळलं कसं?"

"कबुतरं उडाली. सगळ्या मजल्यांवरची, एका वेळी. फटाके नाहीत, ससाणा नाही. म्हटलं, आवाज झाला असणार."

त्या माणसाने पेन वहीवर टेकवलं आणि उचललं. "याला रकाना नाही," तो मला हळूच म्हणाला. मग बराच विचार करून त्याने शेऱ्यात लिहिलं: 'रहिवाशाने स्वतः ओळखले.' आणि अण्णांना म्हणाला, "काका, माणसं तुम्ही लय चांगली काढली. सात माणसं कोणी काढत नाही."

लोक अण्णांभोवती जमले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खुर्ची आणली. ताई त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि बोटांनी दाखवत, ओठ हलवत म्हणाली, "राहा वर. मी काही म्हणणार नाही. सात माणसं आणलीत तुम्ही."

माझी ताई आयुष्यात शब्द मागे घेत नाही. चौथीत असताना तिने माझं पेन परत करीन असा शब्द दिला नव्हता, म्हणून अजून केलेलं नाही.

अण्णांनी विचारलं, "किती झाली?"

ताईने सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही सांगितलं नाही. मग त्यांनी एजन्सीच्या माणसाच्या हातातली वही स्वतःकडे वळवली. अकरा मिनिटं, वीस सेकंद.

"आठ ठरली होती," ते म्हणाले.

"दारं वाजवली म्हणून वेळ गेला!" मी ओरडलो. ओरडलो नसतो तरी चाललं असतं, पण ओरडलो. "सरळ आला असता तर सहातच आला असता!"

"बेल दाबून पुढे निघायचं असतं," अण्णा म्हणाले. "थांबायचं नसतं. नियम आहे. मी थांबलो, कारण मला आतलं ऐकू येत नाही. पुढच्या वेळीही थांबणार." मग खुर्चीतून उठत, "आणि कबुतरांवर कोणी शिफ्ट चालवत नाही."

"अण्णा, मी हो म्हणतेय ना," ताई म्हणाली. तिचा आवाज बिघडला होता, पण तो त्यांना दिसला नाही. की दिसला, माहीत नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू हो म्हणतेस म्हणून वेळ बदलत नाही, बाई."

इंदिरानगरला मात्र ते गेले नाहीत. दुसरा मजला चालेल, असं तिनेच आधी म्हटलं होतं, याची त्यांनी तिला आठवण करून दिली. दुसऱ्या मजल्यावर आम्ही होतो. माझ्या बायकोने मेंदी धुऊन झाल्यावर, त्याच संध्याकाळी, ठरवून टाकलं: अण्णा खाली, आपण वर, दोन्ही घरं सारखीच आहेत, पडदेसुद्धा बसतील. मला कोणी विचारलं नाही. मी सेक्रेटरी आहे.

पुढच्या रविवारी सामान हलवायचं ठरलं. सकाळी नऊला वर ये, असं अण्णांनी मला सांगितलं होतं. मी हमाल, सामान बांधायची दोरी आणि मुलीची तुळस असं सगळं घेऊन पोचलो. ते हॉलमध्ये, बांधून ठेवलेल्या सामानात, एकाच मोकळ्या खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर फुलस्केप कागद. त्यावर त्यांनी तक्ता आखला होता. गॅस: बंद केला. गीझर: गरम व्हायला वेळ लागतो. न्हाणीघराचा नळ: डावीकडे जास्त फिरवू नये. आगीचा दिवा: तपासला, चालू (खाली दुसरा बसवला). बाल्कनीची कडी: पावसात अडकते. ओळीने चौदा गोष्टी होत्या आणि शेवटी दोन सह्यांच्या जागा, 'देणार' आणि 'घेणार'.

"हे कशाला, अण्णा?" ताई म्हणाली. ती त्यांची पिशवी घेऊन दारात उभी होती.

"शिफ्ट बदलताना घेणारा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नसते."

त्यांनी चौदाही गोष्टी मला फिरून दाखवल्या. नळ फिरवून दाखवला, कडी अडकवून दाखवली. बाल्कनीत सगळ्यात शेवटी गेलो. तिथे ते माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबले नाहीत. कडीचं सांगितलं आणि आत आले.

मग 'देणार'वर सही केली, खाली तारीख आणि वेळ घातली. पेन माझ्या हातात देण्याआधी घड्याळाकडे बघून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिली. 'रिलीव्हर पंचवीस मिनिटे उशिरा.'

"हमाल उशिरा आले," मी सांगायला लागलो. ते माझ्या ओठांकडे बघतच नव्हते.

मी सही केली. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, ताईकडून पिशवी घेतली आणि जिन्याकडे वळले.